दमलो म्हणायचं नाही

माझ्या नवऱ्याच्या धावणाऱ्या टोळक्याचा एकच नियम होता: दमलो म्हणायचं नाही. रविवारी पहाटे ही मंडळी नदीकाठच्या रस्त्यावर जमायची, आणि धावता धावता ज्याच्या तोंडून 'दमलो' निघेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांना नाश्ता द्यायचा. गुडघा दुखतोय, पोटात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे सगळं 'दमलो'मध्येच धरलं जायचं. माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत एकदाही नाश्ता दिला नव्हता. टोळक्यानं त्याचं नाव ठेवलं होतं 'इंजिन', आणि पहिल्यांदा ते नाव मला सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेले.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर शाफ्टच्या अंधारात, तेलकट दोरांशी आणि कप्प्यांशी झटापट. लिफ्ट चालू असली की दुरुस्त करणारा कुणाला आठवत नाही, आणि बंद पडली की शिव्या खायला तोच पुढे. "एकदा तरी लोकांनी मला चालू असताना बघावं," असं तो म्हणायचा. चेष्टेत म्हणायचा, पण ती चेष्टा नव्हती हे मला कळायचं. म्हणून त्या विक्रमाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी फार खळखळ केली नाही.

विक्रम असा होता: मोठा हमरस्ता या टोकापासून समुद्रापर्यंत, जवळजवळ सहाशे किलोमीटर, पाच दिवसांच्या आत पायांनी पार करायचा. ही कल्पना सरांची. सर गणिताचे क्लास घेतात आणि टोळक्याचे म्होरके आहेत. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी त्रैराशिक मांडलं. "इंजिन रविवारी पाच तास धावतो, ताशी आठनं. आपण सात धरू. दिवसाचे अठरा तास, पाच दिवस. झाले सहाशे तीस. वरचे तीस गरिबांना वाटून टाकू."

सगळे हसले. मीही हसले, कारण सर बोलतात छान. मग मी विचारलं, "पण सहाव्या तासाला काय होतं?"

"सहाव्या तासानंतर सातवा येतो, वहिनी," सर म्हणाले, आणि परत हशा.

मी पडद्यांच्या दुकानात काम करते. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक खिडकी मोजून तेवढंच कापड मागतं. त्याला चुण्या दिसत नाहीत, खालची दुमड दिसत नाही, धुतल्यावर आटणारं कापड दिसत नाही. अडीचपट घ्या म्हटलं की त्याला वाटतं, ही बाई आपल्याला गंडवतेय. सर आणि मंडळी खिडकी मोजून आली होती. हे मी तेव्हा बोलून दाखवलं असतं तरी त्यांनी त्यावरही विनोदच केला असता.

गाडीत तिघं जाणार होते. सर. दुसरा दातांचा डॉक्टर, म्हणजे औषधपाण्याचीही सोय झाली. दातांचा का होईना, डॉक्टर आहे, असं सगळे म्हणाले. तिसरा बेकरीवाला, कारण व्हॅन त्याची. हा माणूस फारसं बोलत नसे. त्याच्या व्हॅनमध्ये पाव ठेवायचे लोखंडी रॅक होते. त्यांतले मधले काढून तिथे गादी टाकायची ठरली. तयारी म्हणजे काय, तर रविवारचे पाच तास चार महिने सहा तास केले आणि बुटांचे तीन जोड आणले.

ज्याच्या नावावर तो विक्रम होता तो माणूस अग्निशमन दलात होता. सरांनी त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मला वाटलं होतं तो रुबाब करेल, पण तो साध्या आवाजात बोलला.

"गाडीत कोण कोण असणार?" त्यानं विचारलं.

"मी, एक गाडीवाले, आणि एक डॉक्टर," सर म्हणाले.

"कसले डॉक्टर?"

सर आवाज उतरवून म्हणाले, "दातांचे."

"आणि त्याला थांबवणार कोण?" त्यानं विचारलं.

"थांबवायचं कशाला?" सर हसत म्हणाले.

"हे बघा, मला सहा वर्षं लागली. दोन वेळा माझ्या मोठ्या बहिणीनं मला अर्ध्यावर उचलून गाडीत टाकलं. मी तिला घाणेरड्या शिव्या दिल्या. एकदा तर चावलो. तिला बरोबर घेतली होती ती त्याचसाठी. ती नसती तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. आणखी एक वर्ष थांबा. माझ्याकडे या, मी दाखवतो काय काय लागतं ते."

सरांनी आभार मानले, फोन ठेवला आणि म्हणाले, "खुर्ची हलायला लागली की माणूस असाच बोलतो."

मी म्हटलं, "मग मला न्या."

"वहिनी, तुम्ही पहिल्याच फोडाला त्याला गाडीत बसवाल," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"बसवीनच."

"म्हणूनच तुम्हाला नेत नाही," तो म्हणाला. नवऱ्यानं मान खाली घातली होती. नंतर मोज्यांच्या घड्या घालताना तो मला म्हणाला, "तू समोर असलीस ना, की मला दमल्यासारखं वाटायला लागतं." त्याला त्यात माझं कौतुक करायचं होतं. मीही ते कौतुक म्हणूनच घेतलं, मूर्खासारखं.

निघाले त्या दिवशी फोटोंचा पाऊस पडला. हार, अंगठे, दात काढून हसणारे सगळे. मी दुकानातून फोन करायची तर सर उचलायचे. "मस्त! पुढे आहोत आपण." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात तो डावीकडे कलंडून धावत होता.

"हा वाकडा का धावतोय?" मी विचारलं.

"रस्त्याला उतार आहे, वहिनी."

"मग उताराकडे कलंडेल ना? हा चढाकडे कलंडलाय."

"तुम्ही काळजी फार करता बुवा," सर म्हणाले. त्याला फोन द्या म्हटलं तर म्हणाले, लय तुटेल. मी गप्प बसले. एक दिवस गप्प बसले, आणि त्या दिवसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एका गिऱ्हाईक बाईंच्या घरी स्टुलावर चढून खिडकीची मापं घेत होते, तेव्हा बेकरीवाल्याचा फोन आला. तो कुजबुजत होता. "वहिनी, या तुम्ही. त्याला लघवी होतेय ती कोऱ्या चहासारखी. काल संध्याकाळपासून. मी बघितलं म्हणून कळलं, तो कुणाला बोललाच नाही. डॉक्टर म्हणतो पाणी कमी पडलंय, पाणी पाज. दुखण्याच्या गोळ्या चालूच आहेत."

"तो स्वतः काय म्हणतो?"

"तो काहीच म्हणत नाही, वहिनी. आम्हीच शिकवलंय ना त्याला."

मी टेप त्या बाईंच्या हातात दिली आणि रस्त्यावर येऊन मिळेल ती टॅक्सी पकडली. टॅक्सीवाला भला होता. मी काही न सांगताच त्यानं गाडी दामटली. तरी पोचायला दुपार झाली. रस्ता चौपदरी, दोन्ही बाजूंना गोदामं आणि टायरची दुकानं, कडेला उभे असलेले ट्रक. बेकरीवाल्यानं फोनवर सांगितलेल्या पेट्रोल पंपापाशी मी उतरले आणि उन्हात उभी राहिले.

आधी मला व्हॅन दिसली. माणसाच्या चालीनं येत होती, आणि खिडकीतून सरांनी एक पांढरा फळा बाहेर धरला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चार तास पुढे! शाब्बास इंजिन!' फळ्यापुढे तो होता. त्याला धावणं म्हणता आलं नसतं. एक पाय टाकायचा, दुसरा मागून ओढायचा. तोंड इतकं सुजलं होतं की मी त्याला टी-शर्टवरून ओळखलं. मांड्या फुगून चड्डीच्या शिवणीत काचत होत्या.

मी रस्त्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बस झालं. चल, गाडीत बस."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. लिफ्ट चालू झाल्यावर इमारतीतल्या लोकांकडे बघून हसायचा ना, तसं, अदबीनं. "ताई, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "वेळ जातोय."

सतरा वर्षांच्या संसारात त्यानं मला नाही नाही ते म्हटलं होतं, पण ताई कधी म्हटलं नव्हतं. मी त्याचा टी-शर्ट घट्ट धरला. तो निघून जायची धडपड करत होता, पण त्या धडपडीत लहान मुलाएवढाही जोर नव्हता.

सर खाली उतरले. "वहिनी, हे काय करताय! हातातोंडाशी आलेला घास आहे. चार तास पुढे आहे तो!"

"तुम्ही तोंड बंद ठेवा," मी म्हटलं. मग नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं. "दमलास ना? सांग एकदा. कुणी काही म्हणणार नाही."

त्यानं आधी सरांकडे बघितलं, मग मान हलवली. "नाही," म्हणाला. "दम नाही लागला." आणि रडायला लागला. डोळ्यांतून पाणी मात्र येईना.

बेकरीवाल्यानं मागचं दार उघडलं. त्यानं पाय धरले, मी खांदे धरले, आणि आम्ही त्याला पावाच्या रॅकच्या मध्ये गादीवर घातलं. दातांचा डॉक्टर काहीतरी पुटपुटत पुढे बसला. सर रस्त्यातच राहिले, फळा हातात घेऊन. त्यांना घ्यायला आम्ही थांबलो नाही.

गाडी भरधाव हाकताना बेकरीवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवेना. "वहिनी, ते चार तास खोटे आहेत. पहिल्या संध्याकाळीच आम्ही मागे पडलो होतो. आता तर दीड दिवस मागे आहोत. सर म्हणाले, खरं लिहिलं तर त्याचा धीर सुटेल."

"म्हणजे दोन दिवस हा धावत होता ते कशासाठी?"

त्यानं हॉर्न दाबून धरला आणि गाडी आणखी दामटली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. स्नायू आतल्या आत फुटलेत, त्यांचा गाळ रक्तात उतरलाय, आणि तो गाळ किडन्यांच्या जाळीत अडकलाय. वरून गोळ्यांनी भर घातली. मी विचारलं, सकाळी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, काल आणायला हवं होतं. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, बहुतेकांच्या किडन्या काही आठवड्यांनी परत चालू होतात. धीर धरा.

मी धीर धरला. त्याच्या काही चालू झाल्या नाहीत.

तो शुद्धीवर आल्यावर सर भेटायला आले. आत जायच्या आधी त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. माणूस खरंच खचला होता, डोळे लाल होते. "वहिनी, माझ्या तोंडात मारा हवं तर. पण फळ्याचं त्याला सांगू नका. आपण पुढे होतो, एवढंच त्याच्याकडे उरलंय. तेही काढून घेतलं तर जगेल कशावर?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता. पण आत डोकावून बघितलं तर तो मशिनच्या नळ्यांमध्ये पडल्या पडल्या परिचारिकेला सांगत होता, "तिसऱ्या दिवशी चार तास पुढे होतो मी." ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मी सरांना हो म्हटलं.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आम्ही डायलिसिसच्या मशिनवर जातो. मशिनच्या सुयांसाठी त्याच्या डाव्या हातात नस जोडून घेतलीय. तिथे बोट ठेवलं की थरथर लागते. माझी किडनी जुळत नाही, त्याच्या भावाची जुळते पण त्याचं मन होत नाही, आणि मी त्याला बोल लावत नाही. लिफ्टचं काम सुटलं. पाण्यावर बंधन आलं. दिवसाला इतकंच, असं ठरलेलं पाणी मी सकाळी एका बाटलीत काढून ठेवते, आणि तो ते घोट घोट करून संध्याकाळपर्यंत पुरवतो. कधी कधी रिकाम्या बाटलीकडे बघत बसतो.

आणि तो लोकांना सांगतो. शेजाऱ्यांना, जुन्या कामावरच्या मित्रांना, मशिनवर बाजूच्या खाटेवर असलेल्या म्हाताऱ्यांना. "होणारच होतं हो. हिनं मध्येच थांबवलं." राग नसतो त्यात. "बायकांचा जीव, घाबरली बिचारी." मग ती माणसं माझ्याकडे बघतात. काहींच्या नजरेत दया असते, काहींच्या नाही. त्याच्या थोरल्या वहिनींनी तर मला तोंडावर विचारलं, "अजून थोडा वेळ धीर धरवला नाही का गं तुला?" मी त्यांना चहा दिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला या घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून कळलं.

तरी मी बोलले नसते. पण गेल्या आठवड्यात सर एका नव्या गड्याला घेऊन आले. हा बँकेत कारकून आहे, टोळक्यात येऊन वर्ष झालंय, पाय लांब आहेत आणि हसतो गोड. बेकरीवाल्यानं केव्हाच टोळकं सोडलं. आता दातांच्या डॉक्टरांनी स्वतःची गाडी द्यायचं कबूल केलंय. कारकून माझ्या नवऱ्याच्या पाया पडला. सरांनी टेबलावर कागद पसरला. "इंजिननं तिसऱ्या दिवसापर्यंत चार तास मिळवले होते, म्हणजे हे होण्यासारखं आहे. ते सिद्ध झालंय. आता फक्त शेवटचे दोन दिवस."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं ते नजर चुकवतील. त्यांनी चुकवली नाही. त्यांना आता ते खरंच वाटत होतं. माझा नवरा खुर्चीत ताठ बसून त्या मुलाला सांगत होता, की बूट कधी बदलायचे, फोड आले तरी बोलायचं नाही, गाडीतल्यांचं ऐकायचं. इतका आनंदात मी त्याला किती तरी दिवसांत पाहिला नव्हता.

मी त्या कारकुनाला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "मी समजू शकतो, वहिनी," तो मायेनं म्हणाला. "तुमच्यावर काय गुजरलंय ते सरांनी सांगितलंय मला." आणि सरांच्या मागोमाग उतरून गेला.

मी वर आले. नवरा अजून त्या कागदावर बोट फिरवत होता. मी दार लावलं आणि माझा बांध फुटला. "तू पुढे नव्हतास," मी म्हटलं. "दीड दिवस मागे होतास. पहिल्या संध्याकाळपासून मागे होतास. तो फळा खोटा होता. तुला खोटं दाखवून पळवलं, आणि आता त्या पोरालाही पळवणार आहेत. बेकरीवाल्याला विचार."

त्यानं कागदावरचं बोट उचललं. मला वाटलं ओरडेल, कागद फाडेल, निदान रडेल तरी. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

"बेकरीवाला पहिल्यापासून माझ्यावर जळतो," तो शांतपणे म्हणाला. "आणि सर म्हणालेच होते, एक दिवस तू असं काहीतरी म्हणशील. मला थांबवल्याचं मनाला खात राहतं ना, म्हणून." त्यानं हात पुढे करून माझा हात धरला, सुया टोचून टोचून गाठी आलेल्या त्याच डाव्या हातानं. "मी रागावलो नाहीये गं तुझ्यावर. मी तुला हॉस्पिटलातच माफ केलं होतं."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि इतकी कीवही. हात सोडवून घ्यावासा वाटत होता, पण त्या हाताला झटका लागलेला चालत नाही. मशिनची वेळ झाली होती. मी तशीच उभी राहिले आणि म्हटलं, "चल, उशीर होईल."